डुकराची बातमी आणि शुक्रवारचा तास

आठवड्यातून एक तास मुलांशी बातम्यांबद्दल बोलावं, एवढंच माझं म्हणणं होतं. यात कोणाचं काही बिघडण्यासारखं आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण हल्ली आमच्या बंदरात माझी ओळख 'डुकरवाले मास्तर' अशी करून दिली जाते. मी जन्माचा शाकाहारी माणूस आहे. म्हणून ही हकिगत एकदा नीट सांगून टाकलेली बरी.

मी गौंडर मास्तर. आठवी ते दहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवतो. आमचे मुख्याध्यापक शमशुद्दीन साहेब सज्जन गृहस्थ आहेत. ते तीनच गोष्टींना भितात: वादळाला, दहावीच्या निकालाला आणि वरून येणाऱ्या पत्राला. माझी कल्पना ऐकून त्यांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं.

"मास्तर, शुक्रवारचा शेवटचा तास घ्या," ते म्हणाले. "एक सत्र. एकही तक्रार आली नाही, तर पुढच्या वर्षी वेळापत्रकात पक्का. एक जरी आली, तर तास गणिताला."

गणिताचे रोनील सर शेजारीच बसून रोटीची सुरळी खात होते. त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकातल्या त्या चौकोनाकडे असं काही पाहिलं, की मला माझ्या तासाची काळजी त्याच क्षणी वाटायला लागली.

हा तास मला का हवा होता, तेही सांगतो. नववीत एकतीस मुलं. त्यात वासिती नावाची एक मुलगी. नदीपलीकडच्या गावातून बसने येते, खिडकीजवळ बसते आणि बसने परत जाते. दोन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला होता. प्रश्न विचारला की ती जमिनीकडे पाहायची, मग मीही पाहायचो, आणि थोड्या वेळाने मी दुसऱ्या मुलाला उभं करायचो. वह्यांवरून पोरगी मठ्ठ वाटत नव्हती. इतिहासातल्या राजांबद्दल नाही बोलत तर नाही, निदान आजकालच्या जगाबद्दल तरी तोंड उघडेल, असं मला वाटत होतं. वर्गात तिच्यासारखी आणखी सात-आठ होती. गणिताच्या तासाला ती तोंड उघडणार नव्हती, हे नक्की.

तर परवानगी मिळाली. आता वर्तमानपत्रं हवीत. ती शाळेच्या खर्चाने घ्यायची तर खात्याकडे अर्ज करायचा. अर्ज तीन प्रतींत केला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, की योजना स्तुत्य आहे, मात्र येत्या सत्रात शिकवण्यात येणाऱ्या बातम्यांची यादी तारीखवार, आगाऊ पाठवावी.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग प्रेमिलाला, म्हणजे आमच्या मंडळींना, वाचून दाखवलं. ती दालोचे कंद सोलत होती.

"मग पाठवा की," ती म्हणाली. "तुम्हाला काय, दर वर्षी तेच तर होतं."

आणि खरं सांगतो, मी पाठवली. पहिला आठवडा, वादळाचा इशारा. दुसरा आठवडा, वादळ दुसरीकडे वळलं. तिसरा, रग्बीत आपण जिंकलो. चौथा, साखर कारखान्याचं यंत्र बंद पडलं. पाचवा, ते सुरू झालं. सहावा, रग्बीत आपण हरलो. अशा दहा आठवड्यांच्या बातम्या मी सही-शिक्क्यानिशी पाठवल्या. महिन्याभरात मंजुरी आली. एकच दुरुस्ती सुचवली होती: सहाव्या आठवड्यात हरण्याऐवजी जिंकल्याची बातमी घ्यावी, मुलांच्या मनावर चांगला परिणाम होतो.

मंजुरी आली, वर्तमानपत्रं आली नाहीत. ती मी स्वतःच्या खिशातून घेऊ लागलो. आमच्याकडे राजधानीहून, म्हणजे सुवाहून, बोट मंगळवारी आणि शनिवारी येते, तेव्हा पेपरही त्याच दोन दिवशी येतात. शुक्रवारी मी जी ताजी बातमी मुलांसमोर ठेवायचो, ती त्यांनी फोनवर सोमवारीच पाहून टाकलेली असायची. पहिल्या शुक्रवारी मी कुठल्याशा दूरच्या देशातली निवडणूक घेतली. नकाशा लावला, पक्षांची चिन्हं काढली. पंधराव्या मिनिटाला मागच्या बाकावरचा एक जण घोरायला लागला. दुसऱ्या शुक्रवारी जागतिक बाजारातले तेलाचे भाव घेतले. तेव्हा तर पुढच्या बाकावरचेही झोपले.

शेजारचे जोगेश्वरभाऊ साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना प्रत्येक विषयातलं कळतं, आणि ते कुंपणावर कोपर टेकून सांगतात. "मास्तर, तुम्ही मुलांना परक्याची बातमी देताय," ते म्हणाले. "माणसाला परक्याच्या लग्नात जेवणापुरता रस असतो. ह्यांना आपल्या बंदराची बातमी आणायला लावा."

जोगेश्वरभाऊंचा सल्ला बरोबर निघण्याचा माझ्या माहितीतला हा एकमेव प्रसंग. मी वर्गात जाहीर केलं: आता बातम्या तुम्ही आणायच्या. आपल्या बंदरातल्या. मी फळ्यावर नियम लिहिले. बातमीत 'मला वाटतं' हे शब्द येता कामा नयेत. कोण म्हणालं, काय म्हणालं, कधी म्हणालं, एवढंच लिहायचं. प्रत्येक गोष्ट निदान दोन माणसांना विचारायची. ज्याच्यावर आळ आहे त्यालाही विचारायचं. पदरचं काहीही घालायचं नाही. शेवटच्या नियमाखाली मी दोन रेघा मारल्या, आणि त्या रेघांचा मला फार अभिमान वाटला.

शाळेच्या फाटकाबाहेर, बसच्या थांब्यापाशी, मी लाकडी फलक लावला. आठवड्याची सगळ्यात चांगली बातमी त्यावर लागणार. आणि काय सांगू, वर्ग जागा झाला. एकाने धक्क्यावरचा दिवा चार महिने बंद असल्याचं आणलं. दोन आठवड्यांत दिवा लागला. एका मुलीने पावाची गाडी गुरुवारी का येत नाही याचा छडा लावला. ड्रायव्हरची सासुरवाडी वाटेत होती. आणि पाचव्या शुक्रवारी वासिती स्वतःहून उभी राहिली आणि नदीवरच्या पुलाच्या तीन फळ्या कुजल्याची बातमी तिने सबंध वाचून दाखवली. आवाज बारीक, पण अडखळली नाही. मी फळ्याकडे तोंड करून उगाचच खडूने एक रेघ ओढत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते नववीला दाखवण्याची गरज नव्हती.

इथपर्यंत सगळं छान होतं. सत्राचे तीन शुक्रवार उरले होते. तक्रार एकही नाही. रोनील सरांनी चौकोनाकडे बघणं सोडून दिलं होतं.

त्या शुक्रवारी वासितीने पुन्हा हात वर केला आणि ही बातमी वाचली:

"नदीपलीकडच्या गावाचे कारभारी श्री. इलाइसा यांनी सांगितले, की बंदरावर नव्याने आलेले पोलीस सार्जंट श्री. पेनाइया यांनी सोमवारी भरदिवसा त्यांचे डुक्कर चोरले. याबाबत सार्जंट पेनाइया यांना विचारले असता ते म्हणाले, होय, मी चोरले, चवीला चांगले होते, पुढच्या आठवड्यात दुसरे नेणार आहे. बाजारातल्या तीन बायकांनी सार्जंटना मंगळवारी डुकराचे मटण खाताना पाहिले."

वर्ग हसला. खूप हसला. बाक वाजवले. मला वाटलं, पोरांना शोधपत्रकारितेचा आनंद होतोय. मी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि दहा मिनिटं भाषण दिलं. पाहा म्हणालो, तक्रारदार आहे, साक्षीदार आहेत, आणि आरोपीचा कबुलीजबाबसुद्धा आहे. चार ओळींत 'मला वाटतं' नाही. मोठमोठ्या पेपरांना हे जमत नाही. माझ्या प्रत्येक वाक्याला वर्ग आणखी हसत होता. वासिती तेवढी हसत नव्हती, ती जमिनीकडे पाहत होती. मी बातमी स्वच्छ अक्षरात लिहून घेतली आणि स्वतःच्या हाताने फलकावर लावली.

सोमवारी फलकापुढे माणसं उभी होती. आमच्या बंदरात गर्दी म्हणजे अकरा माणसं, पण ती तिथून हलत नव्हती. कोणीतरी फोटो काढला. तो फेसबुकवर गेला. ब्रिस्बेनला राहणाऱ्या माझ्याच मेहुण्याने, 'आमच्या भाऊजींचं काम' असं अभिमानाने लिहून तो पुढे पाठवला. बुधवारी जिल्ह्याच्या ठाण्याचं पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडलं.

शमशुद्दीन साहेबांनी मला बोलावलं. पत्र त्यांनी दोन बोटांनी धरलं होतं.

"मास्तर, हे काय लिहिलंय तुम्ही? सार्जंटनी… त्या प्राण्याची…"

"डुकराची, साहेब."

"नाव घेऊ नका. फलकावरचं मी वाचलंच नाही. पहिल्या ओळीत तो शब्द दिसला आणि मान फिरवली." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चौकशीला इन्स्पेक्टर येतायत. त्यांनी अहवालात शाळेविरुद्ध एक ओळ लिहिली की ती तक्रार झाली. मग माझा नाइलाज आहे. तास गणिताला."

घरी आलो. सार्जंटची नोकरी धोक्यात, माझा तास धोक्यात, आणि ती पोर आत्ता कुठे बोलायला लागली होती.

"मला एक सांगा," प्रेमिला म्हणाली, "तुम्ही डुक्कर कधी जवळून पाहिलंय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं. आपला आणि त्याचा दोन्हीकडून कधी संबंध आला नाही. बातमी छापणारे तुम्ही, न वाचणारे शमशुद्दीन साहेब. डुकरातलं कळणारं कोणी होतं का तुमच्यात?"

मी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. बायकोचे प्रश्न बरोबर असतात तेव्हा मी ते नेहमीच असे बाजूला ठेवतो, आणि मग पस्तावतो.

जोगेश्वरभाऊ कुंपणावर तयारच होते. "माफी मागायची तर रीतीने मागा, मास्तर. यंगोनाची मुळं न्या, चांगली जाड. दोन जुड्या. एक कारभाऱ्याला, एक सार्जंटला. सुलू नेसा, मांडी घालून बसा, मान खाली. दोघांनी मिळून 'गैरसमज झाला' एवढं लिहून दिलं की मिटलं." सुलू म्हणजे लुंगीसारखं कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि यंगोना म्हणजे आमच्याकडचं मानाचं पेय. मुळं कुटून पाण्यात कालवतात, आणि तिच्याशिवाय इथे माफी, लग्न, मयत, काहीही पुरं होत नाही.

शनिवारी सकाळी जुड्या काखेत मारून मी पूल ओलांडला. कुजलेल्या तीन फळ्या बदललेल्या होत्या, तेवढंच बरं वाटलं. गावात चिटपाखरू नाही. सगळे चर्चमध्ये. तीन तास मी आंब्याखाली सुलू सावरत बसलो. शेवटी इलाइसा बाहेर आले. उंच, पांढरे केस, बोलण्यात अतिशय सौम्य माणूस.

मी मांडी घातली, मान खाली घातली आणि जुडी पुढे सरकवली.

इलाइसांनी जुडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, आम्ही सेव्हन्थ डे पंथाची माणसं. आम्ही हे पीत नाही. चहासुद्धा पीत नाही. आणि आज शनिवार, आमचा देवाचा दिवस. आज आम्ही कामाचं काही बोलत नाही."

हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. त्या गावातली मुलं शनिवारच्या खेळांच्या स्पर्धेला येत नाहीत म्हणून मी चार वर्षं स्टाफरूममध्ये कुरकुर करतोय. तरी मी शनिवारीच गेलो, आणि यंगोना घेऊनच गेलो. मी इतका ओशाळलो, की जुडी परत घेताना तिची दोरी सुटली आणि मुळं अंगणभर पसरली. चार लहान मुलांनी ती गोळा करून दिली. इलाइसांनी मला पपई दिली आणि रविवारी यायला सांगितलं.

रविवारी पुन्हा गेलो. या वेळी बिस्किटांचा डबा घेऊन. इलाइसांनी तो घेतला, सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण मास्तर, त्याने माझं डुक्कर चोरलं हे मी बोललोय. आता मी मागे कसा येऊ?"

"पण त्यांची नोकरी जाईल, कारभारी."

"मग त्याने सांगावं, की नाही चोरलं." आणि त्यांनी शांतपणे एक बिस्कीट खाल्लं.

तिथून मी दोन्ही जुड्या घेऊन थेट सार्जंटच्या घरी गेलो. पेनाइया म्हणजे दारात मावणार नाही एवढा माणूस. दक्षिणेकडच्या एका बेटावरून दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेला. त्यांनी जुड्या रीतसर स्वीकारल्या, टाळ्या वाजवल्या, एक वाटी मला दिली, एक स्वतः प्यायले. मी सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर येणार म्हणालो, तुम्ही चोरी केलीच नाही एवढं लिहून द्या.

पेनाइयांनी मान हलवली. "ते नाही जमणार, मास्तर. इलाइसांचं कूळ आणि आमचं बेट, आम्ही ताऊवू आहोत."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताऊवू म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. मी याच बेटावर जन्मलो. दोन मुलखांचे मूळपुरुष एक असले की त्यांच्या वंशजांचं हे नातं लागतं. आपल्या विहिणी-विहिणी लग्नात जशा एकमेकींना टोमणे मारतात, तसं यांचं जन्मभर, पिढ्यान् पिढ्या चालतं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, चोर म्हणावं, घरातली वस्तू उचलून न्यावी. रागवायचं नाही, एवढाच नियम. मला नातं माहीत होतं. या दोघांमध्ये ते आहे, हे तेवढं माहीत नव्हतं.

"म्हणजे ही थट्टा आहे?" मी विचारलं.

"मी कुठे असं म्हटलं?" पेनाइया म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. "जो पहिल्यांदा 'थट्टा होती' म्हणेल, तो हरला. माझ्या आजोबांवर ह्यांच्या आजोबांनी होडी चोरल्याचा आळ घेतला होता. आजोबा मरेपर्यंत 'हो, चोरली' असंच म्हणत राहिले. आता मी एका इन्स्पेक्टरला घाबरून कच खाऊ?"

"आणि तुमची नोकरी?"

"ती बघू. तुमच्या तासाचं मात्र मनापासून वाईट वाटतं. आणखी एक वाटी घ्या."

मी घेतली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. यंगोनाने जीभ बधिर करून घरी परतलो आणि प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. सोमवारी शमशुद्दीन साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. "थट्टा आहे हे तुम्ही म्हणताय," ते म्हणाले. "लिहून कोण देतंय?" हा मुद्दा बिनतोड होता. 'मला वाटतं' चालणार नाही हे मीच फळ्यावर लिहिलं होतं.

वर्गातही मी सगळं सांगून टाकलं. ही थट्टा होती, तिच्यापायी येता शुक्रवार बहुधा आपला शेवटचा, असं म्हणालो. या वेळी कोणी हसलं नाही. वासितीने काहीतरी वहीत लिहिलं. मला तिच्याकडे बघवेना. फलक तिच्या बातमीने भरला होता आणि शिक्षा तिच्या तासाला होणार होती.

शुक्रवार उजाडला. इन्स्पेक्टर आकानिसी बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, दुसऱ्या प्रांतातल्या. त्यांनी सांगितलं, की बातमी जिथे तयार झाली तिथेच चौकशी करायची. तेव्हा नववीच्या वर्गात माझ्या टेबलापाशी त्या बसल्या, दोन्ही बाजूंना इलाइसा आणि पेनाइया, दारात शमशुद्दीन साहेब, आणि खिडकीबाहेर पपईच्या झाडाआड जोगेश्वरभाऊ.

"तुमचं डुक्कर या गृहस्थांनी चोरलं?" बाईंनी विचारलं.

"हो," इलाइसा म्हणाले. "लठ्ठ होतं. माझ्या मुलासारखं."

"सार्जंट, तुम्ही चोरलं?"

"चोरलं, मॅडम. मुलासारखं नव्हतं. बापासारखं होतं."

वर्गातल्या मुलांनी तोंडं दाबून धरली. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना काही कळलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. "सार्जंट, हे मी लिहून घेतलं तर पुसता येणार नाही," त्या म्हणाल्या. पेनाइया सरळ समोर बघत उभे राहिले. बाईंनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "मास्तर, मी बातमी आणलीय. वाचू?"

वासिती उभी होती. शमशुद्दीन साहेबांनी दारातून जोरजोरात मान हलवली, की नको, नको. मी त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तास अजून माझा होता. "वाच," मी म्हणालो.

तिने वही उघडली. "नदीपलीकडच्या गावात सत्तावीस घरे आहेत. बुधवारी ती सर्व मोजली. एकाही घरी डुक्कर किंवा डुकराचे कुंपण नाही. चर्चचे वडीलधारे श्री. सेरुपेपेली यांनी सांगितले, की आमचा पंथ डुक्कर निषिद्ध मानतो, त्यामुळे गावात पासष्ट वर्षांत डुक्कर पाळलेले नाही. चर्चच्या जुन्या वहीत शेवटचे डुक्कर नदीअलीकडे देऊन टाकल्याची नोंद आहे. ती वही पाहिली. बाजारातल्या मांसविक्रेत्याने सांगितले, की सार्जंट पेनाइया यांनी मंगळवारी त्याच्याकडून ते मटण विकत घेतले. कारभारी श्री. इलाइसा आणि सार्जंट श्री. पेनाइया यांना या बातमीसाठी काहीही विचारलेले नाही."

ती खाली बसली.

मी इलाइसांकडे पाहिलं; ते छताकडे पाहत होते. मी पेनाइयांकडे पाहिलं. ते बुटांकडे पाहत होते. थट्टा होती असं दोघांपैकी एकालाही म्हणावं लागलं नव्हतं.

आकानिसी बाईंनी पेनला टोपण लावलं. "जे डुक्कर नव्हतंच, ते चोरीला जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "कबुलीजबाब कितीही असले तरी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ही दुसरी बातमी पहिल्या बातमीच्या शेजारी फलकावर लावा. माझ्या अहवालाला तिची एक प्रत जोडते. शाळेविरुद्ध माझी काही तक्रार नाही." दाराशी गेल्यावर मात्र त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला, आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

"म्हणजे प्राणी नव्हताच?" शमशुद्दीन साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"नव्हता, साहेब."

"अल्हमदुलिल्लाह. मग तास राहू द्या."

सगळे गेले. वासिती दप्तर भरत होती. बस सुटायला अजून वेळ होता. मी तिच्या बाकापाशी गेलो. शाबासकी द्यायची होती, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"तुमच्या गावात डुक्कर नाही, हे तुला पहिल्या दिवसापासूनच माहीत असणार."

"हो, मास्तर."

"ते ताऊवू आहेत, हेही?"

"हो. इलाइसा माझे मोठे काका आहेत."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, पुन्हा गप्प बसली. पण तिने मान वर केली.

"पदरचं काही घालायचं नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. मला गंमत म्हणून वाचायची होती. सगळे हसले, मला वाटलं तुम्हीही हसाल. मग तुम्ही भाषण केलंत. तुम्ही म्हणालात, कारभाऱ्यांना विचारलं, सार्जंटना विचारलं, बाजारात विचारलं, फार छान." ती थांबली. "मी तिथेच राहते, मास्तर. मला कोणी विचारलंच नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन वर्षं ही मुलगी बोलत नाही अशी माझी तक्रार होती. दोन वर्षं मी तिला प्रश्न विचारत होतो: हा राजा कधी मेला, ही नदी कुठे मिळते. ज्याचं उत्तर मला आधीच माहीत नव्हतं असा एकही प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. तिलाच कशाला, तीस वर्षांत कोणालाच नाही.

मी पुढच्या बाकावर बसलो. बाक लहान होता, गुडघे अडकले. खिशातून वही काढली.

"वासिती, मला एक खरंच कळत नाहीये," मी म्हणालो. "तुमच्या गावात कोंबड्या आहेत, बोकड आहेत. मग तुझ्या काकांनी चोरीला गेलं म्हणून डुकराचंच नाव का घेतलं?"

तिने दप्तर खाली ठेवलं आणि ती माझ्यासमोर बसली.

"कारण कोंबडी चोरली म्हणाले असते, तर सार्जंटनी दुसऱ्या दिवशी एक कोंबडी आणून दिली असती, आणि मिटलं असतं," ती म्हणाली. "डुक्कर ते परत कसं देणार? काकांना कोण घेऊ देईल? म्हणजे सार्जंट आता जन्मभर चोरच. काका आठवडाभर विचार करत होते, मास्तर. तसं ते फार जुनं आहे. होडीचंसुद्धा असंच झालं होतं. ती होडी तर…"

ती सांगत राहिली. मी मान खाली घालून भराभरा लिहीत होतो, आणि वर, पहिल्या ओळीच्या आधी, मी नियमाप्रमाणे लिहिलं होतं: माहिती देणार, वासिती, इयत्ता नववी.